पॉवर सप्लायवर घासाघीस नको

कॅनडा कॉर्नरच्या मागच्या गल्लीत, खाली झेरॉक्स, वर आमचं दुकान.
मी दिवसभर लोकांचे आकडे ऐकते.
आकडा सांगताना माणूस जरा खाली बघतो
किंवा उगाच पंख्याकडे.
त्यावरून कळतं, खिशात किती आहेत
आणि घरी किती सांगितलेत.

सातपूरच्या तन्वीर पिंजारीचे अठ्ठावीस हजार
रबर बँडमध्ये होते, वरून दहाच्या नोटा.
म्हटलं, ग्राफिक्स कार्ड आत्ता विसर.
प्रोसेसर असा घेऊ, ज्याच्या पोटातच थोडं चित्र आहे.
रॅमच्या दोन कांड्या, आठ-आठच्या.
सोळाची एकच नको,
एका बैलावर गाडी चालते, धावत नाही.
कॅबिनेट पत्र्याचं, साधं.
"लाइट नाहीत?" त्यानं विचारलं, आणि त्याचा चेहरा
मला बघवला नाही. तरी म्हटलं,
लाइटनं फ्रेम वाढत नाहीत रे.
पण पॉवर सप्लाय चांगला. तिथं घासाघीस नको,
दुपारी तुमच्याकडे व्होल्टेज नाचतं ना?
पुढच्या वर्षी कार्ड येईल,
त्याच्या वॅटची जागा आत्ताच राखू,
पंगतीत उशिरा येणाऱ्याचं पान मांडून ठेवतात तशी.

गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंना
सगळ्यात महागडं हवं होतं, मुलाचा वाढदिवस.
विचारलं, घरचा मॉनिटर कुठला?
जुनाच. साठ हर्ट्झचा.
मग बाई, विहिरीला दहाची मोटर
आणि पाइप बोटाएवढा.
त्यांचे सत्तर हजार वाचले.
बागूलशेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी चहा सांगितला, एकच, स्वतःला.

आणि मग पुंडलिक खैरनार.
ओझरहून बसनं आलेले, हातात छत्री, उन्हाची.
चौतीस वर्षं विमानं जोडली, फिटर म्हणून.
"उडवलं एकदाही नाही."
एवढं बोलून ते पंख्याकडे बघत राहिले.
"साठ आहेत. बायकोला चाळीस माहीत आहेत."

साठात विमान उडवायचं.
रात्री वहीत तीनदा बेरीज केली.
कॉलेज रोडचा एक गेमिंग कॅफे बंद पडत होता,
तिथलं जुनं कार्ड उचललं,
दोन तास तापवून बघितलं, पंख्याचा आवाज ऐकला,
पोळीच्या तव्यावर हात धरतात तसा वर हात धरला.
चाललं. निम्म्या किमतीत.
वाचलेल्या पैशात जॉयस्टिक आली
आणि मेमरी बत्तीसची. आभाळ जड असतं, जागा खातं.

जोडणी बघायला ते स्वतः थांबले.
तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवली, कूलर बसवला,
स्क्रूड्रायव्हर फिरवायला लागले तोच
त्यांनी टेबलावर दोन बोटं आपटली.
"पोरी, ओळीनं नाही. कोपऱ्यातला, मग त्याच्या समोरचा तिरका.
आधी अर्धा पीळ सगळ्यांना. मग पुरता."
मला माहीत होतं. हात घाईत होता.
मी स्क्रूड्रायव्हर त्यांच्याकडे दिला.
त्यांनी शर्टाला बोटं पुसली, चष्मा वर सरकवला,
आणि चार स्क्रूंना एवढा वेळ घेतला
की खालचा झेरॉक्सवाला शटर ओढून गेला.

आठ दिवसांनी फोन. रात्रीचे अकरा.
आवाज दबलेला, बाजूला कुणीतरी झोपलेलं.
"गंगापूरचं धरण दिसलं. गोदावरी दिसली,
वळणं बरोबर आहेत.
ओझरवर आलो, धावपट्टी आहे.
पण आमची शेड नाही. तिथं नुसतं शेत काढलंय, हिरवं."
मी काय बोलणार.
"तीन चकरा मारल्या," ते म्हणाले.

मग थोड्या वेळानं, कामाचं:
"खाली आलं की जरा अडखळतं."
म्हटलं, सेटिंगमध्ये जा काका.
सावल्या कमी करा.